'रुचिरा'चे प्रमाण आणि तेलाचा डबा

आपल्यापैकी अनेकींच्या सामानातून दुबई-शारजाला आलेले पुस्तक म्हणजे कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा'. 1970 साली निघालेल्या या पुस्तकाचा मोठा गुण म्हणजे वाटी-चमच्याचे प्रमाण. घरी सगळे 'अंदाजाने घाल' म्हणत. परमुलखात नवा संसार मांडणारीला अंदाज कुठून यावा? मात्र पुस्तकातले प्रमाण त्या पदार्थापुरते असते. तो किती वेळा करायचा, हे आपणच ठरवायचे. चकली पूर्वी दिवाळीला होई. इथे दर सुट्टीला पाहुणे, दर सुट्टीला तळण, आणि चालणे गाडीपासून लिफ्टपर्यंत! आमच्या प्रतीत तळणाच्या पानांवर तेलाचे डाग आहेत, कोशिंबिरींची पाने कोरी.

एक हिशेब करून पाहा. तेलाचा डबा उघडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. 5 लिटर म्हणजे साधारण 4600 ग्रॅम तेल. चौघांत ते 30 दिवसांत संपले, तर माणशी रोज 38 ग्रॅम, म्हणजे नुसत्या तेलाच्या सुमारे 340 कॅलरी. तूप आणि बाहेरचे खाणे वेगळेच. तोच डबा 45 दिवस पुरवला, तर माणशी 25-26 ग्रॅम होतात आणि वर्षाला 12 ऐवजी 8 डबे लागतात. फोडणीचे तेलही चमच्याने मोजावे, डब्यातून थेट कढईत ओतू नये.