लेकराला भूल द्यायच्या आधी

अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकाने लेकराच्या जांघेत हर्निया असल्याचं सांगितलं, की घरात आधी भुलीचीच धास्ती बसते. धास्तीला थोडा आधार आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून जास्त भूल दिल्यास मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, असा इशारा दिला. मात्र ‘गॅस’ या अभ्यासात तान्हेपणी हर्नियासाठी तासाभराची भूल घेतलेली मुलं पाच वर्षांची झाल्यावर, कमरेत सुई देऊन जागेपणी ऑपरेशन झालेल्या मुलांपेक्षा बुद्धीत मागे नव्हती.

तेव्हा आधी सर्जनला विचारा, थांबता येईल का? बेंबीच्या हर्नियात बहुधा चार वर्षांपर्यंत थांबता येतं, पुष्कळदा तो आपोआप बुजतो. जांघेतल्यात आतडं अडकू शकतं, तिथे भुलीच्या भीतीने महिने काढू नका. दुभंगलेल्या टाळूचंही तसंच. उशीर झाला तर बोलणं बिघडतं.

मग ऑपरेशनला किती वेळ लागेल, ते विचारा. दोन कामं असतील तर एकाच भुलीत उरकतील का, तेही.

भूलतज्ज्ञांना स्वतः भेटा. बाळ किती आठवड्यांचं जन्मलं, झटके आले होते का, सर्दी-खोकला आहे का, आधी भूल दिली होती का, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला का, सगळं सांगा. कमरेखालच्या ऑपरेशनला कमरेतल्या सुईने भागेल का, हे विचारायला लाजू नका.

खरी गफलत उपाशी ठेवण्यात होते. जळगाव जामोदहून नांदुरा, खामगाव करत अकोला गाठायचं म्हणून आई रात्रीपासूनच दूध बंद करते. लेकराची साखर उतरते, अंगातलं पाणी आटतं, आणि भुलीत रक्तदाब पडला तर मेंदूला त्याचाच धोका मोठा. सर्वसाधारण हिशेब असा: वरचं दूध सहा तास आधी बंद, अंगावरचं चार तास, साधं पाणी दोन तास. नऊचं ऑपरेशन असेल तर पहाटे पाचपर्यंत अंगावर पाजून घ्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी मात्र डॉक्टरांना विचारूनच. यादीत पहिला नंबर मागा, आणि उशीर होतोय असं दिसलं तर लगेच नर्सला सांगा.

ऑपरेशननंतर दिवस कमी भरलेल्या तान्ह्या बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो. डॉक्टर रात्रभर ठेवा म्हणाले, तर शेवटच्या एसटीसाठी घाई करू नका.