टाकीत राहिलेलं पेट्रोल

खंडेनवमीला आमच्याकडे कोयता, खुरपी, विळे सोप्यात मांडतात. हल्ली त्यांच्या रांगेत ग्रास कटरही असतो. झेंडूची फुलं, हळदकुंकू, समोर निरांजन. तीन वर्षांपूर्वी त्याच पूजेत माझा डावा हात कोपरापर्यंत भाजला. चूक त्या दिवशीची नव्हती, ती मी जूनमध्येच करून ठेवली होती.

चंदगड हा पावसाचा तालुका. मिरगाच्या आधी काजूच्या बागेतलं आणि बांधावरचं गवत मारलं की कटर चार महिने खुंटीला. त्या वर्षी पाऊस अचानक अंगावर आला आणि मी यंत्र अर्ध्या टाकीसकट तसंच टांगलं. पूजेच्या आदल्या संध्याकाळी रस्सी ओढून ओढून खांदा भरून आला, इंजिन काही धरेना. जुन्या पेट्रोलवरच नवं ओतलं, तरी नाही. मग पुसून सोप्यात आणून ठेवलं. टाकीतून कार्बोरेटरला जाणारी नळी कडक होऊन चिरली होती, ते मी पाहिलंच नाही. सकाळी आई म्हणाली, "कसला वास येतोय रे?" मी म्हटलं, "यंत्र आहे, वास येणारच."

निरांजन खाली ठेवायला वाकलो, तोच जमिनीलगत भप्पकन जाळ उठला आणि यंत्राकडे धावला. पेट्रोल पेटायला दिवा पेट्रोलला टेकावा लागत नाही. त्याची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती शेणानं सारवलेल्या जमिनीवरून पाण्यासारखी पसरत जाते आणि कुठेतरी चूल नाहीतर दिवा गाठते. बायकोनं घाबरून कळशी ओतली. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे जळतं पेट्रोल त्या पाण्यासोबत पोत्यांपर्यंत गेलं. शेजारच्या काकांनी परड्यातली माती घमेल्यानं टाकली तेव्हा कुठे आग विझली. हात वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरला आणि कुणालाही हळद की टूथपेस्ट लावू न देता दवाखाना गाठला. एवढं एकच त्या दिवशी बरोबर झालं.

नळी का चिरली, हे मी नंतर मेकॅनिकजवळ बसून समजून घेतलं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याचा बराचसा भाग आपल्याच उसातून येतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा! पाणी वाढलं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं. टू स्ट्रोक यंत्रात ऑइल पेट्रोलात मिसळलेलं असतं, ते वरच राहतं, आणि नळी ओढते तळाचं. म्हणजे इंजिन चालू झालंच तर ऑइलशिवाय फिरणार. शिवाय जुनी रबरी नळी इथेनॉलनं खराब होते आणि उरलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरचं बारीक भोक बुजवतो.

म्हणून महिनाभर यंत्र लागणार नसेल, तर टाकी रिकामी करा. उघड्यावर, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. मग इंजिन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होईल. हे बंद खोलीत कधीच करू नका, त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. प्लग काढून आत चमचाभर ऑइल सोडा, रस्सी दोन-तीनदा हळू ओढा, प्लग परत बसवा. पात्याला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढा, दर वेळी. सायलेन्सरच्या तोंडाला फडकं बांधा, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर करते. फक्त चालू करण्याआधी ते सोडायला विसरू नका.

उरलेल्या पेट्रोलचं काय? ऑइल मिसळलेलं असेल तर महिन्याच्या आत वापरून टाका. ऑइलचं प्रमाण यंत्राच्या पुस्तकात बघा: ५०ला १ असेल तर लिटरला २० मिली, २५ला १ असेल तर ४०. आणि पेट्रोल पाण्याच्या बाटलीत ठेवू नका, ही माझी हात जोडून विनंती. तहानलेलं पोर रंग बघत नाही. १९३४च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं, पण घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनीमातीच्या किंवा धातूच्या भांड्यात. काचेचं किंवा चिनीमातीचं असेल तर एका लिटरपेक्षा मोठं नको. मी पत्र्याचा छोटा कॅन घेतला आहे. तो घराबाहेरच्या खोपटात असतो, न्हाणीच्या चुलीपासून लांब.

बागेतही तेच. माघ-फाल्गुनात काजूखालचं गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि सायलेन्सर तापलेला. पेट्रोल भरायला मी यंत्र उघड्या कातळावर आणतो, दहा मिनिटं निवू देतो, आणि भरल्या जागेपासून चार-पाच पावलं लांब नेऊन मगच रस्सी ओढतो.

पूजा आम्ही सोडलेली नाही. कटर आता रिकाम्या टाकीचा, नवी नळी घातलेला, अंगणात पाटावर असतो. आई आधी वाकून वास घेते, मग निरांजन आणते.