साथरोग, विलगीकरण आणि खेळाडूचा हंगाम

साथरोगाच्या काळात माणसांना ठरावीक दिवस वेगळे ठेवण्याचा उपाय फार जुना आहे. एड्रियाटिक समुद्रकाठच्या रागुसा, म्हणजे आजच्या डुब्रॉव्हनिक, या नगराने इ.स. १३७७ मध्ये प्लेगग्रस्त प्रदेशातून येणाऱ्यांना ३० दिवस बाहेर थांबविण्याचा नियम केला. पुढे हा अवधी ४० दिवसांचा झाला आणि इटालियन भाषेतील ‘चाळीस’ या शब्दावरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द रूढ झाला. मुंबई-पुण्याच्या प्लेगमुळे आपल्याकडे १८९७ चा साथरोग अधिनियम आला. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी महाराष्ट्र शासनाने त्याच अधिनियमाचा आधार घेतला.

येथे दोन संज्ञा नीट समजून घेतल्या पाहिजेत. बाधित व्यक्तीला वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण. बाधिताच्या संपर्कात आलेल्या, परंतु अद्याप निरोगी दिसणाऱ्या व्यक्तीला वेगळे ठेवणे म्हणजे अलगीकरण. दोहोंची शास्त्रीय आवश्यकता आम्हांस मान्य आहे. प्रस्तुत लेखाचा प्रश्न निराळा आहे : या नियमांमुळे खेळाडूचे जे हिरावले जाते, त्याची भरपाई कोणी करावयाची?

नोकरदाराचे सात दिवस गेले तर रजा मांडता येते. खेळाडूचा हंगाम मात्र मुळातच मोजक्या दिवसांचा असतो. याचे ठळक उदाहरण आपल्याच राज्यात घडले. जानेवारी २०२२ मध्ये महिलांची आशियाई चषक फुटबॉल स्पर्धा मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे भरली होती. २० जानेवारीस भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी केली. २३ तारखेस चिनी तैपेईशी सामना होता. परंतु संघातील १२ खेळाडू बाधित आढळल्या. चमू २३ जणींचा आणि सामन्यासाठी किमान १३ खेळाडू उपलब्ध असणे बंधनकारक. भारताने माघार घेतली असे मानण्यात आले आणि आधीची बरोबरीही रद्द झाली. त्या वेळी देशात सौम्य रुग्णांसाठी विलगीकरणाचा किमान अवधी सात दिवसांचा होता, तर भारताचे गटातील तिन्ही सामने २० ते २६ जानेवारी या सातच दिवसांत होते. म्हणजे एकदा बाधित ठरलेल्या खेळाडूची साखळी फेरी संपलीच. त्याबरोबर याच स्पर्धेतून २०२३ च्या विश्वचषकाकडे जाण्याची वाटही बंद झाली.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. सतरा वर्षांखालील मुलींचा फुटबॉल विश्वचषक २०२० मध्ये भारतात व्हावयाचा होता. तो आधी पुढे ढकलला गेला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये रद्द झाला. यजमानपद २०२२ साठी पुन्हा भारतालाच मिळाले व ऑक्टोबर २०२२ मध्ये भुवनेश्वर, गोवा व नवी मुंबई येथे स्पर्धा झाली. देशाला स्पर्धा परत मिळाली. परंतु २००३ व २००४ साली जन्मलेल्या मुलींना ती मिळाली नाही. वयोमर्यादेमुळे त्या कायमच्या बाहेर गेल्या.

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल हा आपल्या फुटबॉलहून वेगळा, परंतु तेथे अत्यंत लोकप्रिय खेळ आहे. तेथील ‘बिग टेन’ या विद्यापीठ-समूहाने ऑगस्ट २०२० मध्ये हंगाम स्थगित केला. ऑक्टोबरमध्ये खेळ सुरू झाला तेव्हा बाधित खेळाडूस किमान २१ दिवस सामन्यापासून दूर ठेवण्याचा कडक नियम होता. मात्र राष्ट्रीय क्रीडा संघटनेने त्या हंगामातील सर्व खेळाडूंना पात्रतेचे एक वर्ष वाढवून दिले. नियम कडक होता, पण गेलेले वर्ष खेळाडूच्या खाती जमा झाले. आम्हांस हा धडा महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे शालेय स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत होतात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी स्पर्धेचे प्रमाणपत्र लागते. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी-मोरगावच्या शेतमजुराच्या मुलासाठी ते प्रमाणपत्र शोभेचे नसते. ते उपजीविकेचे साधन असते. टाळेबंदीत वसतिगृहे बंद झाली, तेव्हा अशा मुलांचे मैदान, मार्गदर्शक आणि वेळेवर मिळणारे जेवण एकाच दिवशी सुटले. शहरातील संपन्न घरच्या खेळाडूने गच्चीवर सराव केला. आमची मुले रोवणीच्या बांधीत उतरली. नियम सर्वांना एकच होता, त्याचा भार मात्र एकसारखा नव्हता.

आणखी एक बाब आमच्या समाजाने विसरू नये. वेगळे बसविणे, वेगळे भांडे, शिवू नये ही भाषा आमच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. म्हणूनच आजारी विद्यार्थ्याचे विलगीकरण बहिष्कारासारखे होऊ देता कामा नये. विलगीकरणाला कारण असते, मुदत असते आणि त्यात सेवा असते. अस्पृश्यतेत यांपैकी काहीच नव्हते. सावित्रीबाई फुले यांनी १८९७ च्या प्लेगमध्ये पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह हडपसरजवळ रुग्णांची शुश्रूषा केली आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रुग्णाला वस्तीपासून दूर ठेवूनही माणसांपासून तोडता येत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

यावरून निवासी शाळांनी काही गोष्टी ठरवून ठेवाव्यात असे आम्हांस वाटते. विलगीकरणातील खेळाडूचे जेवण, अभ्यास व विचारपूस यांत खंड पडू नये. बरा झाल्यावर त्याला वैद्यकीय सल्ल्याने हळूहळू मैदानात आणावे. संघातील त्याची जागा आजारपणामुळे जाऊ नये. राखीव खेळाडूंनाही बरोबरीने सराव द्यावा. आणि साथीमुळे स्पर्धा रद्द झाल्यास वयोमर्यादेत तेवढीच सवलत मिळावी, अशी मागणी शाळांनी क्रीडा विभागाकडे एकत्रितपणे व लेखी करावी. समाजाच्या आरोग्यासाठी विद्यार्थी आपला हंगाम देतो. तो त्याला परत मिळवून देणे हे समाजाचे कर्तव्य आहे.