जुन्या होड्यांची विल्हेवाट

पुसेगावापासून समुद्र दूर. परंतु पूर्णा नदीवर येलदरी व सिद्धेश्वर हे जलाशय असल्याने निकामी होडीचा प्रश्न केवळ कोकणाचा मानता येणार नाही. सागवानी होडीच्या फळ्या व खिळे पुन्हा कामास येतात. डांबर वा रंग लागलेले लाकूड मात्र चुलीत घालू नये. खरी अडचण फायबरच्या होडीची. तिच्यातील राळ एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही. साहजिकच भंगारात तिला मोल नाही. मग ती काठावरच पेटविली जाते. तो धूर विषारी असतो. कापताना उडणारी काचेची धूळही फुप्फुसांस घातक. सिमेंटच्या भट्टीत मात्र राळेचे इंधन होते व काच सिमेंटमध्ये मिसळते. फ्रान्समध्ये २०१९ पासून क्रीडानौका मोडण्यासाठी उत्पादकांकडून अंशदान घेतले जाते. ग्रामपंचायतींनी निदान होडी जाळू देऊ नये. कापणे भागच पडल्यास पाणी मारून, नाकातोंडास पट्टी बांधूनच कापावी.