वनौषधी-परिचय : निघंटूचे अध्ययन शिवारात

द्रव्यगुणाचे अध्ययन ग्रंथ, शुष्क नमुने व बरण्यांतील चूर्णे यांच्या साहाय्याने होते. परंतु द्रव्याची निश्चिती जिवंत वनस्पतीपुढे उभे राहिल्यावाचून होत नाही. शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी व वनवासी औषधींना नाम-रूपाने जाणतात, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे. नाम-रूपासह जो योगही जाणतो तोच तत्त्वविद्, हे त्यापुढील सूत्र. आज आपल्याला योग ठाऊक आहेत; नाम-रूप मात्र आपण कच्च्या मालाच्या व्यापाऱ्यावर सोपविले आहे.

पर्यायनामे : प्रत्यक्ष निरीक्षणाची नोंद

गुडूचीचे ताजे कांड आडवे छेदावे. चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. म्हणून ती 'चक्रलक्षणिका'. तोडलेला तुकडा पुन्हा रुजतो, म्हणून 'छिन्नरुहा'. २०२१ मध्ये मुंबईतील काही यकृतविकारग्रस्त रुग्णांच्या संदर्भात गुळवेलीवर संशय व्यक्त करणारा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाने टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया व टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील भेद स्पष्ट केला. पहिलीचे कांड हिरवट व गाठींविना असते. दुसरीचे करडे, ठळक गाठींचे असून त्यातून दुधाळ स्राव येतो. गुळवेलीच्या निरापदतेविषयीचा वाद स्वतंत्र आहे. पण रुग्णाने कोणती वेल घेतली हेच सांगता आले नाही, तर त्या वादात आपली बाजू मांडणार कशी?

अशोकाचे उदाहरणही बोलके आहे. 'ताम्रपल्लव' हे नाम पाहून रस्त्याकडेच्या उंच, खोट्या अशोकाची कोवळी तांबूस पालवीही फसवू शकते. तेथे 'हेमपुष्प' हे नाम निर्णय देते. सीतेच्या अशोकाला केशरी-तांबड्या फुलांचे गुच्छ येतात व त्याची पाने संयुक्त असतात. खोट्या अशोकाची फुले फिकट हिरवी व पाने साधी, कडांना लहरदार असतात. साल सोलून वाळली की हे भेद दिसेनासे होतात. म्हणजे अशोकारिष्टाची गुणवत्ता झाडाखालीच ठरते.

क्षेत्र-अभ्यासाची पद्धती

१. गट दहा-बारा जणांचा असावा. गावातील जाणत्या ठाकर, कातकरी वा धनगर व्यक्तीस मार्गदर्शक नेमून योग्य मानधन द्यावे. स्थानिक नाव गावासह नोंदवावे.

२. एकच वनस्पती निरनिराळ्या ऋतूंत पाहावी. चरक-कल्पस्थानानुसार मुळे ग्रीष्मात वा शिशिरात, त्वचा, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात घ्यावे.

३. भूमी तपासावी. वारूळ व श्मशानाजवळील द्रव्य ग्रंथांनी वर्ज्य मानले आहे. त्याच न्यायाने कीटकनाशक फवारलेले बांधही टाळावेत.

४. देवराईत केवळ निरीक्षण करावे. गावाने श्रद्धेने राखलेले ते बीजभांडार आहे. तेथील पानही तोडू नये. अन्यत्र वनखाते वा जमीनमालकाची अनुमती घ्यावी.

५. औषधालयचालकांनी स्वतः खरेदी केलेल्या सालीचा व कांडाचा नमुना बरोबर आणून जिवंत वनस्पतीशी रंग, गंध, चव व छेद यांची तुलना करावी. संशय उरल्यास नमुना तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा.

परतताना प्रत्येकाने मालकाच्या संमतीने गुळवेलीचे एक कांड आणून चिकित्सालयाच्या आवारात लावावे. पुढील वर्षी रुग्णास द्यावयाच्या गुडूचीबद्दल मग व्यापाऱ्यास विचारावे लागणार नाही.