काचपेटीचा सांडवा

ठाणें जिल्ह्यांतील तानसा धरण १८९२ सालीं पुरें झालें. तें भरलें म्हणजे जादा पाणी सांडव्यावाटे निघून जातें व बांध सुरक्षित राहतो. मासे पाळण्याच्या काचपेटीसही हाच न्याय लागू आहे.

पेटीच्या सांडव्यावरून पडणारें पाणी नळीनें खालच्या टाकींत उतरतें, तेथें गाळलें जातें आणि पंप तें पुन्हां वर चढवितो. परंतु वीज गेली म्हणजे? पंप थांबतो, सांडव्याच्या कडेवर उभा असलेला पाण्याचा थर मात्र उतरतच राहतो. ९० सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद पेटींत हा थर २ सेंटिमीटर असला, तरी सुमारें ८ लिटर पाणी खालीं येतें. शिवाय परतीच्या नळीचें तोंड खोल बुडालेलें असल्यास ती वक्रनलिकेप्रमाणें आणखी पाणी उलट ओढते. म्हणून पाण्याच्या पृष्ठभागालगत तिला बारीक छिद्र ठेवावें. हवा आंत शिरतांच ओढ तुटते. छिद्र शेवाळानें बुजूं देऊं नये.

डोंबिवली-कल्याणच्या चाळींत व इमारतींत एकाच्या घरची जमीन हें दुसऱ्याच्या घरचें छत असतें. यास्तव विद्यार्थ्यांस आम्ही सुचवितों कीं, मासे सोडण्यापूर्वीं पंप मुद्दाम बंद करून पाहावा. खालची टाकी न सांडली, तरच रचना बरोबर समजावी.