खुडूक कोंबडी : बसवावी की उठवावी?

परसातील आठ-दहा गावठी कोंबड्या हा ग्रामीण कुटुंबाचा लहानसा पण भरवशाचा जोडधंदा होय. या धंद्यात अंड्यांची आवक अकस्मात थांबण्याचे एक नित्याचे कारण म्हणजे कोंबडी खुडूक होणे. गावठी कोंबडी साधारणतः दहा-पंधरा अंडी दिल्यानंतर खुडूक होते. तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढते व अंडी घालणे बंद पडते. म्हणून खुडूकपणा हा रोग नव्हे, तो मातृत्वाचा निसर्गधर्म आहे.

लक्षणे : कोंबडी रात्रंदिवस खुराड्यात बसून राहते. जवळ गेल्यास पिसे फुलवून चोच मारते, 'कुक् कुक्' असा आवाज काढते. तिच्या पोटाखालची पिसे गळून कातडी उष्ण लागते. दाणापाण्यासाठी ती क्वचितच उठते.

निर्णय : ही लक्षणे दिसताच एक-दोन दिवसांत पिले हवीत की अंडी, हे ठरवावे. उबवणीचे २१ दिवस व पिलांच्या संगोपनाचे पुढील सहा ते आठ आठवडे धरता कोंबडी सुमारे अडीच महिने अंडी देत नाही. पिले मिळाली तर हा काळ सार्थकी लागतो. मात्र रिकाम्या खुराड्यात ती तशीच बसू दिल्यास अंडीही नाहीत व पिलेही नाहीत, असा दुहेरी तोटा होतो; शिवाय कोंबडी वाळते.

बसवावयाची असल्यास : कळपात कोंबडा असल्याखेरीज अंडी फलित होत नाहीत, आठ-दहा कोंबड्यांस एक कोंबडा पुरतो. अंडी मध्यम आकाराची, स्वच्छ, न तडकलेली व आठवड्याच्या आतील घ्यावीत; उन्हाळ्यात ती तीन-चार दिवसांहून जुनी नसावीत. गावठी कोंबडीखाली दहा ते बारा अंडी पुरेत. अधिक ठेवल्यास कडेची अंडी थंड पडतात. टोपलीत राख किंवा माती पसरून वर कोरडे गवत घालावे. कोंबडीच्या अंगावर उवा-पिसवा असल्यास त्यांचा आधी बंदोबस्त करावा, अन्यथा ती मध्येच अंडी सोडते. टोपली शांत, अंधाऱ्या जागी ठेवून कोंबडी रात्री बसवावी. रोज एकदा पंधरा-वीस मिनिटे तिला उठवून दाणापाणी द्यावे.

सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे विजेरी धरून पाहावे. आत तांबड्या शिरांचे जाळे दिसल्यास अंडे सजीव आहे. अगदी स्वच्छ दिसणारे अंडे वांझ समजून काढून टाकावे. एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिले बाहेर पडतात. घार, कावळा व मुंगूस यांपासून रक्षणासाठी पिलांना प्रथम डाल्याखाली ठेवावे. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, रोगाची पहिली लस पहिल्या आठवड्यात टोचत नाहीत, तर थेंबाने देतात. त्यासाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारणा करावी. थंडीचे दिवस उबवणीस उत्तम. कडक उन्हात अंडी वाया जातात व पावसाळी ओल पिलांना बाधते.

उठवावयाची असल्यास : अंडी रोज वेळेवर गोळा करावीत. कोंबडीला तळाला पट्ट्या किंवा जाळी असलेल्या हवेशीर, उजेडाच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवावे. खालून वारा लागल्याने पोटाची ऊब कमी होते आणि बसण्यास मऊ जागा न मिळाल्याने तिची ओढ ओसरते. या काळात दाणापाणी भरपूर द्यावे. खुडूकपणा जितका नवा, तितका तो लवकर मोडतो. त्यानंतर साधारण एक-दोन आठवड्यांत ती पुन्हा अंडी देऊ लागते.

कोंबडीला पाण्यात बुडविणे, उपाशी ठेवणे किंवा नाकपुडीत पीस खुपसणे या जुन्या रीती सर्वथा टाकाव्यात. त्या क्रूर आहेत. शिवाय अशक्त झालेली कोंबडी अंड्यावर येण्यास अधिकच विलंब लावते.

कळपातील एक-दोन चांगल्या माता उबवणीसाठी राखाव्यात व उरलेल्या वेळीच उठवाव्यात. असे केल्यास घरात पिलेही खेळतील आणि अंड्यांची टोपलीही रिकामी राहणार नाही.